इंदूर: 2013 ची स्विफ्ट, पाचजण बसले की मागून डोलते. स्प्रिंग बदलू, शॉकर बदलू की बार लावू?

मालवी_चाक

गाडी स्विफ्ट पेट्रोल व्हीएक्सआय, 2013 ची, 82,000 किमी. टायर 165/80 आर14, दोन वर्षांचे. एबीएस नाही. मागचं काहीच आजवर बदललेलं नाही, शॉकरसुद्धा कंपनीचेच.

शहरात एकटा असलो की काही तक्रार नाही. महूवरून जाम गेटचा घाट उतरताना लागोपाठ डावं-उजवं वळण आलं की पुढचा भाग वळतो आणि मागचा भाग जरा थांबून मागून येतो. पाचजण आणि सामान असलं की स्पीडब्रेकरवर मागून 'धप्' असा आवाज येतो, आणि त्यानंतर गाडी दोन-तीन वेळा वर-खाली होते.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. पहिला मिस्त्री म्हणाला स्प्रिंगात रबर टाकू, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणाला जाड तारेची स्प्रिंग लावू. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणाला, भिया, मागे स्टॅबिलायझर बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा दांडा) लावा आणि गाडी इंचभर खाली घ्या. खर्चाची तयारी वीस हजारांपर्यंत आहे. अट एकच: मागे आई-बाबा बसतात, दणके वाढलेले चालणार नाहीत.

पाना_17

तिघांनी औषध सांगितलं, नाडी कुणी बघितली नाही. आधी तुमच्या गाडीत मागे काय आहे ते पाहू.

स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे. दोन बाजूंना दोन आर्म, मधून त्यांना जोडणारा पत्र्याचा आडवा बीम, आणि पुढच्या टोकांना दोन मोठे रबरी बुश. त्या बुशांवर अख्खा सांगाडा दरवाजाच्या बिजागरीसारखा झुलतो. स्प्रिंग आणि शॉकर वेगवेगळे बसवलेले असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बीम नुसता वर-खाली होतो. एकच चाक वर गेलं तर बीमला पीळ बसतो आणि तो पीळच गाडीला कलू देत नाही. म्हणजे स्टॅबिलायझर बारचं काम काही अंशी बीमच करतो. यात टो (वरून बघता चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) किंवा कॅम्बर (पुढून बघता चाक कललेलं असणं) फिरवायला बोल्ट नसतो.

आता कामांची वाटणी. वजन पेलते स्प्रिंग. हेलकावा थांबवतो शॉकर. कलणं आवरतो बीम, किंवा बार. आणि मागचं चाक सरळ रेषेत धरून ठेवतात बुश. तुमची लक्षणं यात टाकून बघा. आदळून दोन-तीन वेळा वर-खाली होणं हे शॉकर संपल्याचं लक्षण. मागचा भाग उशिरा येणं हे बुशाचं, कधी शॉकरचं, कधी टायरच्या उंच बाजूचं. 'धप्' म्हणजे बहुतेक बंप स्टॉप, चाक पूर्ण वर गेल्यावर दणका झेलणारा ठोकळा. तो फेसाळ पॉलियुरेथेनचा असतो आणि दहा-बारा वर्षांत हाताने चुरा होईल इतका सडतो. तो सडला की धातूवर धातू आपटतो.

एक पैसाही खर्च करण्याआधी एवढं तपासा.

टायरमधली हवा थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पूर्ण भार असेल तेव्हा मागच्या चाकांचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तो वापरा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि मिस्त्रीला त्यात काही मिळत नाही, म्हणून तो बोलत नाही.

गाडी मागून उचलून स्टँडवर घ्या. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खडखड जाणवली तर हबचं बेअरिंग. मग आर्म आणि ब्रॅकेटच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून बुश हळूच दाबा. रबराला वरवरची बारीक भेग चालते. भेग आरपार असेल, किंवा मधली नळी रबरापासून सुटून वेगळी फिरत असेल, तर बुश गेला.

शॉकरचा खालचा बोल्ट काढा आणि हाताने दाबून-ओढून बघा. दोन्ही दिशांना सलग विरोध लागला पाहिजे, ओढताना जास्त जड. दिशा बदलताना सुरुवातीला अर्धा-एक सेंटीमीटर हात मोकळा जात असेल तर आत तेल कमी आहे किंवा व्हॉल्व्ह झिजलाय. बाहेरून नुसता ओलसर थर असला तर घाबरू नका. धार लागून धूळ चिकटलेली असेल तर बदला. गाडी कोपऱ्यावर दाबून सोडायची चाचणी सगळे करतात, पण तिच्यात फक्त मेलेला शॉकर सापडतो. अर्धमेला सुटतो.

आणि एक माप. मागची सीट पाडा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. मग 50 किलोची गव्हाची दोन पोती मागच्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये ठेवा, गाडी दोनदा दाबून सोडा, हातभर पुढे-मागे ढकला आणि परत मोजा. ढकलणं विसरू नका, नाहीतर टायर आणि बुशांच्या अडकण्याने पाच मिमीचा खोटा फरक येतो. जमलं तर धर्मकाट्यावर (ट्रक तोलायच्या काट्यावर) फक्त मागची चाकं चढवून वजनही घ्या. आकडे इथे टाका, मग स्प्रिंगचं बोलू.

नटबोल्ट

ते 'अर्ध्या तासाचं काम' करून घेऊ नका, एवढंच सांगायला आलो.

स्प्रिंगात रबर घातलं की ते जिथे बसतं तिथला वेढा बंद पडतो. समजा काम करणारे वेढे सहा आहेत. एक बंद पडला की पाच उरतात आणि स्प्रिंग सहाला पाच, म्हणजे 20 टक्के कडक होते. इथपर्यंत दुकानदार खरं बोलतो. पुढचं तो सांगत नाही. तेवढाच प्रवास आता पाच वेढ्यांना करावा लागतो, त्यामुळे प्रत्येक वेढ्याचा पीळ वाढतो. आणि रबर जिथे संपतं तिथे तार एका ठिकाणी वाकते. पावसाळ्यात आपली काळी माती त्या रबरात जाऊन बसते, पॉलिश पेपरसारखी घासते, स्प्रिंगचा रंग उडतो, गंज धरतो, आणि तार तिथेच तुटते. तुटलेलं टोक टायरच्या बाजूला आलं तर टायर चिरला.

शिवाय दोन्ही बाजूंची रबरं कधी एकाच वेढ्यात बसत नाहीत. डावीकडे वर, उजवीकडे खाली. मग गाडी एका बाजूला उंच.

स्प्रिंग कापणं हा त्याचा मोठा भाऊ. कापलं की टोकाचा चपटा वेढा जातो, स्प्रिंग आपल्या बैठकीत बसत नाही. चाक खड्ड्यात लटकलं की ती सुटी होते आणि परत वाकडी बसते. गॅसने तापवून बसवणारेही आहेत. त्या तापाने पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग महिन्या-दोन महिन्यांत खचते.

मालवी_चाक

पाना दादा, रविवारी सगळं मोजलं.

हवा चारही चाकांत 26 होती, म्हणजे कमीच. उजवा शॉकर दिशा बदलताना मोकळा जातो, डावा बरा वाटतो. बंप स्टॉप दोन्हीकडे नावाला शिल्लक आहेत, बोट लावलं तर भुगा हातात आला. बुशांत डाव्याला खोल भेग, टॉमीने दाबलं की नळी हलते. बेअरिंग ठीक.

पोती ठेवल्यावर डावी बाजू 25 मिमी खाली, उजवी 24. रिकाम्या गाडीत दोन्ही बाजूंच्या उंचीत 4 मिमीचा फरक. धर्मकाट्यावर मागची चाकं 370 किलो, गाडीत कुणी नसताना.

पाना_17

मेहनत घेतलीत, आता आकडेच बोलतील.

100 किलो दोन चाकांवर, म्हणजे प्रत्येकी 50 किलो, म्हणजे साधारण 490 न्यूटन. त्याला 25 आणि 24 मिमीने भागा. डावीकडे 19.6 आणि उजवीकडे 20.4 न्यूटन प्रति मिमी येतं. मोजण्यातली चूक धरून दोन्ही 20 समजा. दोन्ही बाजू सारख्याच आहेत, उंचीतला 4 मिमीचा फरकही किरकोळ. म्हणजे तुमची एखादी स्प्रिंग एकटीच खचलेली नाही आणि तुटलेलीही नाही.

आता जाड तारेची स्प्रिंग लावली तर काय होईल ते बघा. 370 किलोमधून बीम, हब, ड्रम, चाकं यांचे अंदाजे 70 वजा करा. 300 उरले, प्रत्येक बाजूला 150. मागे तिघं आणि सामान मिळून मागच्या चाकांवर 200 किलो वाढले तर प्रत्येक बाजूला 250.

वारंवारता काढायचा सूत्राचा सोपा अवतार असा: स्प्रिंगचा आकडा न्यूटन प्रति मीटरमध्ये, त्याला वजनाने भागा, वर्गमूळ काढा, 0.159 ने गुणा. रिकामी गाडी 1.84 हर्ट्झ, भरलेली 1.42. प्रवासी गाड्या साधारण 1 ते 1.5 च्या आसपास आरामदायी वाटतात, हलकी गाडी रिकामी असताना थोडी वर जाते. म्हणजे कंपनीने तुमची गाडी मागून आधीच कडक ठेवली आहे, कारण तिला एकटा ड्रायव्हरही पेलायचा आहे आणि पाचजणही.

समजा 30 टक्के कडक स्प्रिंग लावली, म्हणजे 26. रिकामी गाडी 2.09 हर्ट्झवर जाते. आई-बाबा मागे बसून पलासियाहून राजवाड्यापर्यंत गेले तरी विचारतील, काय केलंस गाडीला? आणि मिळवलं काय? 200 किलोच्या भाराने आधी गाडी 49 मिमी बसायची, आता 38 बसेल. फायदा 11 मिमीचा.

खरी गंमत शॉकरची आहे. शॉकर तोच ठेवून वजन वाढवलं की त्याची पकड वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होते. 150 चे 250 झाले की ती जवळपास 77 टक्क्यांवर येते. म्हणून एकटे असताना बरी वाटणारी गाडी पाचजणांत डोलते. त्यात स्प्रिंग 30 टक्के कडक केली तर पकड आणखी 12 टक्क्यांनी घसरते. दमलेल्या शॉकरवर कडक स्प्रिंग म्हणजे डोलणं वाढवून घेणं, फक्त जरा भरभर.

तारेच्या जाडीबद्दलही सावध राहा. स्प्रिंगची ताकद तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढते. 10 ची तार 11 मिमी केली, बाकी वेढे तेच, तर 46 टक्के वाढ होते. 'एकच मिलिमीटर जाड आहे' असं काउंटरवर म्हणतात तेव्हा हे लक्षात असू द्या.

तेव्हा क्रम असा: दोन्ही शॉकर, दोन्ही बंप स्टॉप आणि धूळ-टोप्या, शॉकरच्या वरची रबरं, बीमचे दोन्ही बुश. स्प्रिंगला हात लावू नका. शॉकर कंपनीच्याच क्रमांकाचे घ्या, गॅसवाले मिळाले तर ते. गॅसच्या दाबाने तेलाला फेस धरत नाही आणि घाटात लागोपाठ काम करताना त्यांची पकड टिकते. एकच उजवा बदलून चालणार नाही. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे 82,000 किमीचा ठेवला तर वळणांत गाडी डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी वागेल.

घाटवाट

काम करून घेताना जिथे चुका होतात तेवढंच लिहितो. घरी करणार असाल तरी हेच.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा. मागचं उचलायचं म्हणजे हँडब्रेकचा उपयोग नाही, तो मागच्याच चाकांना आहे. पहिला गियर टाका, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. स्टँड बाजूच्या पट्टीवरच्या खाचेखाली, बीमखाली नाही. बीमच्या मध्यावर जॅक लावून गाडी उचलणारे दिसतात. तो पत्रा पीळ घ्यायला बनवलाय, टेकू द्यायला नाही. तो तिथे दबला की पीळ घेण्याची त्याची रीत बदलते.

दुसरा जॅक आर्मखाली, स्प्रिंगच्या बैठकीपाशी, नुसता टेकवून ठेवा. शॉकरच आर्मला खाली जाण्यापासून अडवत असतो. टेकू न देता बोल्ट काढला तर आर्म खाली पडतो, स्प्रिंग सुटते आणि सगळा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो. एका वेळी एकच बाजू. वरचा नट कुठून लागतो ते गाडीप्रमाणे बदलतं, डिक्कीच्या आतल्या ट्रिममागे असेल तर टोपी काढली की दिसतो. नट सोडताना दांडा गरगर फिरतो, त्याला टोकाच्या चपट्या भागावर पाना लावून धरा. पक्कडीने चकचकीत दांडा धरला की संपलं. त्यावर एक ओरखडा आला की तो वर-खाली होताना सील कापत जातो आणि नवा शॉकर तीन महिन्यांत गळतो. नवे शॉकर लवकर गेले की दोष मालाला देतात, पक्कडीला कुणी देत नाही.

नवा शॉकर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. आडवा ठेवलेला असला की आतली हवा चुकीच्या नळीत जाते, ती अशी निघते. गॅसवाल्याला पट्टी बांधलेली येते, ती कापली की दांडा आपोआप बाहेर येतो. त्यावर तोंड आणून वाकू नका.

आता बुश. हे घरी करू नका, हायड्रॉलिक प्रेस लागतो. बीम खाली घ्यायला ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागतात, म्हणजे नंतर हवा काढायची आणि ब्रेक ऑइल टोपीवर लिहिलेल्या ग्रेडचंच भरायचं. हातोडीने आणि नळीच्या तुकड्याने ठोकून बसवतात तेव्हा आर्मची गोल जागा अंडाकृती होते आणि नवा बुश त्यात फिरायला लागतो.

बुशाच्या रबरात एका दिशेला पोकळ खाचा असतात. पुढे-मागे मऊ आणि आडवा कडक, असं त्याचं गणित आहे. जुना काढण्याआधी आर्मवर रंगाने खूण करा की खाच कोणत्या दिशेला होती. नव्वद अंशांनी चुकलं तर वळणात मागचं चाक बाहेरच्या बाजूला टो बदलतं आणि नवे बुश टाकूनही मागचा भाग भरकटतो.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. बुशाचा बोल्ट गाडी लटकलेली असताना कधीही पक्का आवळू नका. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं, ते घसरून फिरत नाही, पिळलं जातं. लटकत्या स्थितीत आवळलं की तीच त्याची मूळ स्थिती होते. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी मागून थोडी उंच बसते आणि सहा महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा किंवा आर्मखाली जॅकने गाडीच्या नेहमीच्या उंचीपर्यंत आणा, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. शॉकरच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम. नुसत्या गोटीपान्यावर जोर काढून 'झालं टाइट' म्हणणाऱ्या मिस्त्रीला हे सांगितलंत तर तो हसेल. हसू द्या, पण समोर उभं राहून करून घ्या.

पॉलियुरेथेनचे बुश कुणी सुचवतील. या बीममध्ये मी टाकणार नाही. चाकं वर-खाली वेगवेगळी होतात तेव्हा बुशाला आडवाही थोडा पीळ पडतो. रबर तो गिळतं, पॉलियुरेथेन अडतं. मग सस्पेन्शन अडखळतं, ग्रीस सुकलं की किरकिरतं, आणि मागे बसणाऱ्यांना रस्त्याचा प्रत्येक जोड कळतो.

निमाड_एक्स्प्रेस

बारबद्दल कुणी नीट बोललं नाही. मला वाटतं अ‍ॅक्सेसरीवाल्याचं निम्मं बरोबर आहे.

पुढच्या चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाडीत वळणाला आधी पुढचं बाहेरचं चाक दमतं आणि गाडी वळणाबाहेर सरकते. मागे बार लावला की कलताना वजन बाहेरच्या बाजूला ढकलण्याचा जास्त वाटा मागची चाकं उचलतात, पुढच्या चाकांचा भार तेवढा हलका होतो, आणि गाडी टोकदार वळते. दोन्ही चाकं एकदम वर-खाली होतात तेव्हा, म्हणजे स्पीडब्रेकरवर, बार काही करत नाही. म्हणून आराम फारसा जात नाही. एका बाजूच्या खड्ड्यात मात्र जाणवतो. आरामाची अट असेल तर स्प्रिंगपेक्षा बार केव्हाही परवडला.

फक्त बोल्टने बसणारा घ्या. बीमला वेल्डिंग करून पट्ट्या मारतात, ते टाळा. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि बीम प्रत्येक खड्ड्यात पिळला जात असतो, भेग तिथूनच सुरू होते. आणि जाडीचा हव्यास नको, इथेही चौथा घात आहे: 16 मिमीचा बार 19 चा केला तर ताकद जवळपास दुप्पट होते.

पाना_17

निमाड भाऊ, तत्त्व मान्य, पण या गाडीला आत्ता नको. एक म्हणजे त्यांची तक्रार गाडी वळणाबाहेर जाते अशी नाहीच, मागचा भाग उशिरा येतो अशी आहे. ते बुशाचं काम. दुसरं, जाम गेटला पावसाळ्यात ओल्या उतारावर कुणी घाबरून वळणातच ॲक्सिलरेटर सोडला, तर वजन पुढे येतं, मागचं हलकं होतं, आणि बार लावलेली गाडी मागून सुटू शकते. सवय असलेल्याला ते सांभाळता येतं. कंपनी छोट्या गाड्या मुद्दाम पुढून सरकणाऱ्या ठेवते, कारण घाबरलेला माणूस ब्रेक मारतो आणि स्टिअरिंग अजून वळवतो. तेव्हा तीच गाडी वाचवते.

बार लावायचाच असेल तर शॉकर-बुश झाल्यावर दोन हजार किमी चालवा, मग ठरवा. आणि चांगले टायर मागे ठेवा. बहुतेक लोक उलट करतात.

टायरचंही एक. तुमच्याच मॉडेलच्या झेडएक्सआयला 185/65 आर15 येत होते. तुमच्या 165/80 आर14 चा व्यास साधारण 620 मिमी, त्यांचा 621 च्या थोडा वर. स्पीडोमीटरला कळणारही नाही. बाजूची भिंत मात्र 132 वरून 120 मिमीवर येते आणि रुंदी 20 मिमी वाढते. 'मागचा भाग उशिरा येतो' मधला काही भाग ती उंच मऊ भिंतच आहे. त्यासाठी चार 15 इंची रिम लागतील. टायर झिजतील तेव्हा बघा, आत्ता नको.

इंचभर खाली घेण्याचं मात्र डोक्यातून काढा. पाचजणांत आधीच 49 मिमी बसते, त्यातले 25 तुम्ही स्वतःहून देणार. मग घाटात वळतानाच बाहेरचं मागचं चाक बंप स्टॉपवर टेकतं. तो टेकला की सस्पेन्शन एका क्षणात कित्येक पट कडक होतं आणि मागचा टायर झटक्यात सुटतो. हळूहळू कळत नाही, एकदम कळतं.

नटबोल्ट

अजून एक, कारण गाडीला एबीएस नाही असं लिहिलंय. बीमपाशी खाली बघा. काही गाड्यांत बीमपासून वर एका ब्रेक व्हॉल्व्हला स्प्रिंग किंवा दांडी जोडलेली असते. मागे भार वाढून गाडी बसली की तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच केली, कडक स्प्रिंग टाकली किंवा रबर टाकलं, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. मग भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. खाली घेतली तर उलट, रिकाम्या गाडीत मागची चाकं आधी जाम. बीम खाली घेताना मिस्त्री ती दांडी सोडतो आणि परत अंदाजाने लावतो. आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, नटाच्या वर किती आटे दिसतात तेसुद्धा मोजा.

आणि कागदोपत्री: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. त्याच क्रमांकाचे शॉकर-बुश टाकणं ही दुरुस्ती आहे, त्यात प्रश्न येत नाही. गाडी खाली घेणं हा बदल आहे, अपघातानंतर विमावाले पहिल्यांदा तेच शोधतात.

सराफा_रात्री_दहा

मध्येच विचारतो. माझी अल्टो 800 आहे, तक्रार साधारण अशीच, शिवाय खड्ड्यातून गेली की मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो आणि 'टक्' वाजतं. हेच सगळं करू का?

घाटवाट

नाही. अल्टोला मागे बीम नाही, सरळ अखंड अ‍ॅक्सल आहे. त्याला पुढे-मागे धरायला दोन आर्म आणि बाजूला सरकू नये म्हणून एक तिरकी दांडी. तिला लॅटरल रॉड म्हणतात. एक टोक बॉडीला, एक अ‍ॅक्सलला, दोन्हीकडे रबरी बुश. तुमचं 'टक्' आणि बाजूला सरकणं तिथेच आहे असं धरून चला.

गाडी चाकांवर असतानाच एकाला डिक्कीच्या कोपऱ्याला धरून बाजूला हलवायला सांगा आणि खाली वाकून दांडीच्या टोकांकडे बघा. बॉडी सरकते आणि अ‍ॅक्सल जागेवरच राहतो, तर बुश गेले. नुसते बुश मिळाले तर ते, नाहीतर दांडीच बुशांसकट घ्या. बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच आवळा, वर लिहिलंय त्याच कारणाने. आर्मचे बुशही त्याच वेळी बघून घ्या.

मालवी_चाक

ठरलं. शॉकर, बंप स्टॉप, बुश. व्हॉल्व्हची दांडी आहे, फोटो काढून ठेवला. अलाइनमेंटवाला म्हणतो मागे अ‍ॅडजस्टमेंटच नाही, तर मागचं मोजायची गरज काय?

पाना_17

मोजायला लावा. बदलता येत नाही म्हणून मोजायचं नाही, असं नसतं. चारही चाकांवर मशीन लावून छापील कागद घ्या. त्यात मागच्या प्रत्येक चाकाचा टो आणि थ्रस्ट अँगल येतो, म्हणजे मागची चाकं गाडीला नाकासमोर ढकलतात की तिरकं. थ्रस्ट अँगल हद्दीबाहेर असेल तर बीम कधीतरी दुभाजकावर आपटून वाकलाय, किंवा बुश बसवताना एका बाजूला सरकलाय. दुसरं असेल तर लगेच त्याच मिस्त्रीकडे परत. म्हणून हा कागद काम झाल्या दिवशीच हवा, महिन्याने नको.

मापं जुन्या पद्धतीनेच परत घ्या, पोती तीच. शॉकरने उंची बदलत नाही, गॅसवाले असतील तर दोन-चार मिमीने वर येईल. दहा मिमीपेक्षा जास्त वर दिसली तर समजा बोल्ट लटकत्या गाडीत आवळलेत. ढिले करून, गाडी खाली ठेवून परत आवळून घ्या. 500 किमीनंतर सगळे बोल्ट एकदा बघा.

चालवून बघायला रात्री सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर जाऊ नका. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किमीचा ट्रॅक आहे, तो कंपन्यांना. आपल्याला ओळखीचा एक स्पीडब्रेकर पुरतो. तोच, 20 च्या वेगाने, आधी एकटे आणि मग पाचजण. आदळल्यावर एकदा वर येऊन गाडी तिथेच थांबली पाहिजे.

घाटवाट

आणि काम झालं की संध्याकाळी भिंतीसमोर उभं राहून हेडलाइटचा झोत बघा. पाचजण बसवून. डॅशबोर्डवर झोत खाली करायचं चाक आहे ना, 0 ते 4? भरल्या गाडीत ते 0 वर ठेवून समोरच्याचे डोळे दिपवतात सगळे.

मालवी_चाक

आहे. आजवर 0 वरच होतं.